‘बेफाम घोडेस्वार’ आणि स्टॅकॅटोचा रियाज

पियानोवर स्टॅकॅटो, म्हणजे स्वर सुटे-सुटे तोडून वाजवणे, शिकायला सुरुवात केलेला विद्यार्थी बहुतेक वेळा पट्टीवर बोट आपटतो. स्वरलिपीत स्वरावर ठिपका दिसला की स्वर तोडायचा एवढे त्याला सांगितलेले असते, आणि तोडण्यासाठी जोर लावावा लागतो असे तो धरून चालतो. त्यामुळे स्वर तुटक होण्याऐवजी कर्कश होतात, मनगट आवळते आणि पानभर वाजवून होण्याआधीच कोपरापर्यंत हात भरून येतो. जोर लावून हे साधत नाही, याचे कारण पियानोच्या रचनेतच आहे. स्टॅकॅटो पट्टी दाबण्यात नसतो, तो पट्टी सोडण्यात असतो. ही गोष्ट बोटांत उतरवण्यासाठी मी गेली कित्येक वर्षे नवशिक्यांना एकच छोटी रचना देत आलो आहे आणि ती कशी बसवावी, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

ही रचना जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानची आहे. जर्मन भाषेत तिचे नाव ‘विल्डर राइटर’, म्हणजे बेफाम घोडेस्वार. शूमान कुटुंब ड्रेस्डेनमध्ये राहत असताना, १८४८ साली, थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी त्याने काही छोट्या रचना लिहिल्या आणि त्यातूनच ४३ रचनांचा ‘आल्बुम फ्युअर डी युगेंड’ हा संग्रह, त्याची ६८ क्रमांकाची कृती, उभा राहिला. त्यातल्या पहिल्या १८ रचना लहानग्यांसाठी आहेत आणि आपली रचना त्यात आठवी आहे. शूमानचे निधन १८५६ साली झाले असल्यामुळे या संगीतावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही आणि जुन्या आवृत्त्यांची पाने ‘आयएमएसएलपी’ या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. रचना अवघ्या २४ बारची, म्हणजे तालाच्या २४ आवर्तनांची, आहे. पहिले आठ बार ए मायनर या स्वरमालेत असून त्यात चाल उजव्या हाताकडे असते. मधले आठ बार एफ मेजरमध्ये असून त्यात तीच चाल डाव्या हाताकडे जाते. शेवटच्या आठ बारमध्ये ए मायनर आणि उजवा हात परत येतात. चाल ठिपक्यांच्या स्वरांनी भरलेली आहे आणि दुसऱ्या हाताकडे ठोस कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवायचे स्वरसमूह, आहेत. स्टॅकॅटोचा रियाज दोन्ही हातांना सारखाच घडवणारी इतकी छोटी रचना मला दुसरी माहीत नाही.

ठिपक्याचा अर्थ

स्वरलिपीत स्वराच्या डोक्यावर किंवा खाली दिलेला ठिपका म्हणजे स्टॅकॅटो. शब्द इटालियन आहे आणि त्याचा अर्थ ‘सुटा केलेला’ असा आहे. लिहिलेल्या काळाच्या साधारण निम्मा वेळ स्वर ऐकू यावा आणि उरलेल्या निम्म्या काळात शांतता असावी, असा संकेत आहे. ठिपक्याऐवजी पाचरीसारखे टोकदार चिन्ह असेल तर स्वर त्याहूनही आखूड घ्यायचा असतो, आणि ठिपक्यांवर कमान काढलेली असेल तर स्वर किंचितच सुटे करायचे असतात. ठिपक्यात आवाज मोठा करण्याची सूचना कोठेही नाही, हे मात्र मनावर ठसवून घ्यावे. जोर हवा असेल तेथे संगीतकार वेगळे चिन्ह देतो. या रचनेत कॉर्डवर येणारी ‘एस-एफ’ ही अक्षरे, म्हणजे स्फोर्त्सांदो, त्यासाठीच आहेत. ठिपका आणि एस-एफ यांची गल्लत झाली की घोडेस्वार दौडत नाही, नुसती आदळआपट होते.

पियानोची पट्टी दाबली की दोन गोष्टी घडतात. हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि तारेवर टेकलेला फेल्टचा डॅम्पर वर उचलला जातो. पट्टी वर आली की डॅम्पर पुन्हा तारेवर बसतो आणि आवाज थांबतो. म्हणजे स्वर किती मोठा येईल हे पट्टी खाली जाताना ठरते, आणि तो किती वेळ टिकेल हे पट्टी वर येताना ठरते. या दोन गोष्टी एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या आहेत. खरा पियानो हाताशी असेल तर एक प्रयोग अवश्य करावा. अगदी उजव्या टोकाच्या पट्ट्यांच्या तारांना डॅम्पर नसतात. तेथील एखादी पट्टी आधी झटकन सोडून पाहावी आणि मग दाबून धरून पाहावी. दोन्ही वेळा आवाज जवळजवळ सारखाच ऐकू येतो. नंतर मधल्या सप्तकात तेच करून पाहावे. स्वर कोण तोडते, हे तेव्हा कानालाच कळते.

हार्मोनियमवरून पियानोकडे वळलेल्यांसाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ही वाट फार वहिवाटीची आहे आणि मी स्वतः त्याच वाटेने आलो. हार्मोनियमवर पट्टी दाबलेली असेपर्यंत आणि भात्यात हवा असेपर्यंत स्वर एकाच ताकदीने वाजत राहतो. गायकाला साथ करताना स्वर धरून ठेवणे, एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मध्ये फट पडू न देणे, हे तेथे चांगल्या हाताचे लक्षण मानले जाते. तो संस्कार बोटांत इतका मुरलेला असतो की स्टॅकॅटो वाजवतानाही बोट नकळत पट्टीवर रेंगाळते. त्याशिवाय डावा हात भात्यावर गुंतलेला असल्यामुळे त्या हाताच्या बोटांना स्वर वाजवण्याची सवयच नसते. ही रचना या दोन्ही गोष्टींवर नेमके बोट ठेवते.

एका पट्टीवरची पूर्वतयारी

रचनेला हात लावण्याआधी चार-पाच दिवस, रोज पाच मिनिटे, एकाच पट्टीवर काम करावे. बैठक अशी असावी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल. मुलांचे पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट किंवा चौरंग ठेवावा, कारण लोंबकळणाऱ्या पायांमुळे कंबर अस्थिर होते आणि तो ताण शेवटी मनगटात येतो.

मधल्या सप्तकातील ए या पट्टीवर, म्हणजे पांढरी सहावर, मधले बोट अलगद टेकवावे. पट्टी इतक्या सावकाश दाबावी की आवाजच येऊ नये. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, आणि तळाला पोचण्याच्या थोडे आधी बोटाला हलकासा अडथळा जाणवतो. हातोडी मोकळी होण्याची ती जागा आहे. तेथपर्यंतचा प्रवास जितका जलद, तितका आवाज मोठा येतो. त्या जागेच्या पुढे तळावर दाब देत राहिल्याने काहीच साध्य होत नाही. पट्टी खाली नेण्यासाठी साधारण ५० ग्रॅम वजन पुरते, आणि आपल्या हाताचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. म्हणून बळाची गरजच पडत नाही.

आता तीच पट्टी मध्यम आवाजात वाजवून लगेच सोडावी. सोडताना बोट हवेत उंच उडवू नये. बोटाचे टोक आपल्या तळव्याच्या दिशेने किंचित ओढावे, जणू पट्टीवर पडलेला साबुदाण्याचा दाणा आपल्याकडे ओढून घ्यायचा आहे. त्या हालचालीत पट्टी आपोआप सुटते आणि आतल्या यंत्रणेच्या वजनाने वर येते. यालाच बोटाचा स्टॅकॅटो म्हणतात. दुसरा प्रकार मनगटाचा. त्यात बोटे स्थिर राहतात आणि पंजा मनगटातून चेंडूसारखा हलका उसळतो. तिसऱ्या प्रकारात कोपरापासून पुढचा सगळा हात एकसंध वर-खाली होतो. या रचनेत चालीच्या सुट्या स्वरांसाठी मुख्यतः पहिला प्रकार लागतो आणि त्याला मनगटाची थोडी साथ असते. कॉर्डसाठी तिसरा प्रकार वापरावा. एकाच पट्टीवर तिन्ही प्रकार पाच-पाच वेळा वाजवून पाहिले की कोणत्या हालचालीत हाताचा कोणता भाग काम करतो हे स्पष्ट होते.

या टप्प्यावर दुसऱ्या हाताची दोन बोटे वाजवणाऱ्या हाताच्या मनगटाखाली ठेवावीत. मनगटाच्या आतल्या बाजूच्या दोऱ्या ताणलेल्या लागल्या तर थांबावे, हात मांडीवर सोडून द्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. मला शिकवणाऱ्या बाई रोज हे करत असत. माझे मनगट त्यांच्या बोटांवर जड झाले की त्या काही न बोलता फक्त बोटे काढून घेत आणि मी थांबत असे. शब्दांनी जे महिनोन्महिने कळले नव्हते ते त्या स्पर्शाने आठवड्याभरात कळले.

दादऱ्यातून लय

रचनेचा ताल सहा-आठ आहे. एका बारमध्ये सहा मात्रा असतात आणि त्या तीन-तीनच्या दोन गटांत पडतात. आपल्या दादऱ्याची मांडणी हीच आहे, म्हणून ‘धा धी ना, धा ती ना’ असे म्हणत टाळी देऊन मोजायला सुरुवात करावी. एवढा एक फरक मात्र ध्यानात ठेवावा की दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते, आणि येथे चौथी मात्राही वजनदार असते, पहिलीपेक्षा फक्त किंचित कमी.

चाल सहाव्या मात्रेवरून उठते आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, येऊन बसते. उठावाचा स्वर ई आहे, सम ए वर आहे, आणि तेथून चाल सी आणि वरचा ई असे चढते. ए हा षड्ज मानला तर मंद्र पंचम, षड्ज, कोमल गंधार, मध्य पंचम असे हे चार स्वर होतात. ते आधी गाऊन पाहावेत. गाताना प्रत्येक स्वरानंतर आवाज पोटातून तोडावा, ‘हा, हा, हा’ असा. ज्याला स्वरांमधली शांतता गाता येते त्याला ती बोटांनी घेणे फारसे अवघड जात नाही.

उजवा हात

खालच्या ई पासून वरच्या ई पर्यंत पूर्ण सप्तकाचे अंतर आहे. आपल्या प्रतीवर बोटांचे आकडे छापलेले असतील तर तेच पाळावेत. नसतील तर ई वर अंगठा, ए वर तर्जनी, सी वर मधले बोट आणि वरच्या ई वर करंगळी असे ठेवावे. हार्मोनियमवर करंगळी फारशी न वापरलेल्यांना वरचा ई दुबळा वाटेल, तेव्हा करंगळी एकटी न टाकता त्या बाजूला हाताचे वजन थोडे झुकू द्यावे.

पहिले काम म्हणजे हे चार स्वर एकत्र, कॉर्ड म्हणून, दाबून पाहणे. पूर्ण रचनेतील चाल अशी गट करून पाहावी: कोणते स्वर एका पंजाखाली येतात आणि पंजा कोठे सरकतो, हे पेन्सिलीने प्रतीवर लिहावे. लहान मुलाचा पंजा सप्तकभर उघडत नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. लेगाटो, म्हणजे स्वर एकमेकांना जोडून वाजवणे, असता तर अडचण आली असती. येथे प्रत्येक स्वर सुटा असल्यामुळे हात मागचा स्वर सोडून पुढच्या स्वराकडे मोकळेपणाने सरकू शकतो. ज्या फटीत शांतता आहे त्याच फटीत प्रवासाला वेळ मिळतो. पंजा ताणून धरण्याऐवजी हात स्वरांबरोबर चालवावा.

त्यानंतर तीच चाल एकदा पूर्ण लेगाटो वाजवावी. हा उलटा मार्ग वाटेल, पण बोटांचे क्रमांक पक्के होण्यासाठी आणि चालीचे वळण कानात बसण्यासाठी त्यासारखा उपाय नाही. ठिपक्यांच्या गर्दीत स्वर सुटे-सुटे ऐकू येतात आणि वाजवणारा त्यांना एका वाक्यात बांधायला विसरतो. चाल कोठे चढते, कोठे श्वास घेते, हे लेगाटोत समजते, आणि मग स्टॅकॅटो वाजवतानाही ते वाक्य टिकते. काही ठिकाणी स्वरांवर छोटी कमान दिसली तर तेथे स्वर जोडावेत आणि कमानीचा शेवटचा स्वर हलका सोडावा. सगळेच सरसकट तोडून टाकू नये.

आता संथ रियाजाबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान येथे होते. समजा एका मात्रेला मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राची, एक टकटक, मिनिटाला १०० अशी लावली. प्रत्येक मात्रा ०.६ सेकंदाची झाली, आणि निम्म्याचा हिशेब धरला तर स्वर ०.३ सेकंद वाजेल. अखेरच्या वेगात, म्हणजे तीन मात्रांच्या गटाला एक टकटक धरून मिनिटाला ९६ या गतीला, पूर्ण मात्राच जेमतेम ०.२ सेकंदाची असते आणि स्वर ०.१ सेकंदाचा. संथ रियाजात बोटाला ०.३ सेकंद पट्टीवर बसायची सवय लावली, तर वेग वाढवताना ती सवय मोडावी लागते, आणि मोडताना हात आवळतो. म्हणून संथ लयीतही स्वर अखेरच्या वेगात असेल तितकाच आखूड घ्यावा आणि उरलेला सगळा वेळ शांत राहू द्यावा. लय विलंबित ठेवावी, बोटाची हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून द्रुत असावी. त्या लांब शांततेत हात काय करतो इकडे लक्ष द्यावे. तो सैल पडलेला असावा, आणि पुढच्या पट्टीवर बोट आधीच अलगद जाऊन टेकलेले असावे. स्वर, सैलपणा, पुढची जागा, असा हा क्रम आहे. वेग वाढला की या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, पण संथ लयीत त्या वेगवेगळ्या करून पाहिलेल्या असाव्या लागतात.

डावा हात आणि कॉर्ड

पहिल्या आठ बारमध्ये डाव्या हाताकडे कॉर्ड आहेत. कॉर्डचे सर्व स्वर एकाच क्षणी वाजले पाहिजेत. नवशिक्यांचा अंगठा आधी पडतो आणि करंगळी मागून येते. यावर उपाय असा की कॉर्डची बोटे हवेतच त्यांच्या आकारात मांडावीत, मग पट्ट्यांच्या पृष्ठभागावर टेकवावीत, आणि तेथून कोपरापासूनच्या हाताने खाली दाबावे. उंचावरून झेप घेऊ नये. एस-एफ जेथे आहे तेथे हाताचे वजन जास्त वेगाने खाली सोडावे, खांदा मात्र वर जाऊ देऊ नये. कॉर्डचा काळ जितका लिहिला आहे तितकाच ठेवावा आणि त्यापुढील विराम तंतोतंत पाळावा, कारण चालीचे सुटे स्वर ऐकू येण्यासाठी खालची जागा मोकळी असणे गरजेचे असते.

दोन्ही हात एकत्र आणण्याआधी उजव्या हाताने मांडीवर चालीची लय वाजवावी आणि डाव्या हाताने खरे कॉर्ड वाजवावेत, मग उलट करावे. नंतर एका वेळी फक्त दोन बार घ्यावेत. प्रत्येक तुकडा पुढच्या बारच्या पहिल्या स्वरावर संपवावा, बाररेषेवर तोडू नये. अन्यथा जोडताना प्रत्येक बाररेषेवर अडखळायला होते.

मधले आठ बार

खरा कस येथे लागतो. चाल डाव्या हाताकडे जाते आणि षड्ज ए वरून एफ वर, पांढरी सहावरून पांढरी चारवर, सरकतो. उठावाचा सी, मग एफ, ए, सी. मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम हीच रचना कायम आहे, फक्त कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार आला आहे. एका स्वराने रचनेचा सगळा रंग बदलतो, आणि हे विद्यार्थ्याने वाजवण्यापूर्वी गाऊन अनुभवावे असे मला मनापासून वाटते. एफ मेजरमध्ये बी हा स्वर फ्लॅट, म्हणजे अर्ध्या स्वराने उतरलेला, असतो, त्यामुळे बी दिसेल तेथे चिन्हाकडे नीट पाहावे.

डाव्या हातासाठी सी वर करंगळी, एफ वर मधले बोट, ए वर तर्जनी आणि वरच्या सी वर अंगठा अशी मांडणी सोयीची पडते. उजव्या हाताच्या चालीला जितके दिवस दिले त्याच्या दुप्पट दिवस या आठ बारना द्यावेत. डाव्या हाताचा अंगठा जड असतो आणि चालीच्या वरच्या टोकाला नेमका तोच येतो, म्हणून वरचा सी धप्पकन पडतो. अंगठ्याने हा स्वर वाजवताना तो पट्टीवर आडवा न टाकता नखाच्या कडेने वाजवावा आणि मनगट किंचित बाहेरच्या बाजूला वळू द्यावे. करंगळी आणि मधले बोट यांच्यामधील अंतर पार करताना पंजा ताणू नये. उजव्या हाताबद्दल सांगितले तसेच येथेही हाताने चालत जावे.

याच भागात उजव्या हाताचे कॉर्ड चालीला झाकून टाकतात. उजवा हात बहुतेकांचा बलवान असतो आणि वरचे स्वर कानाला आधी ऐकू येतात. म्हणून काही दिवस उजव्या हाताचे कॉर्ड आवाज न करता फक्त पट्ट्यांवर बोटे टेकवून ‘वाजवावेत’ आणि डाव्या हाताची चाल पूर्ण आवाजात वाजवावी. मग कॉर्ड हळूहळू ऐकू येतील इतके वाढवावेत. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकणे येथे फार उपयोगी पडते, कारण वाजवताना आपल्याला आपल्या बोटांची मेहनत ऐकू येत असते, प्रत्यक्ष आवाज नव्हे.

ए मायनर परत येतो तो सांधा, म्हणजे मधल्या भागाचा शेवटचा बार आणि पुढच्या भागाचा उठाव, स्वतंत्रपणे वाजवावा. चाल एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणी लय ढळते. ज्या हाताकडे चाल येणार आहे त्याने आपली जागा एक बार आधीच शोधून ठेवावी.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर

अनेकांच्या घरी पियानो नसतो, कीबोर्ड असतो, आणि त्यावरही ही रचना उत्तम बसवता येते. सर्वप्रथम रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, बंद करावा किंवा अगदी कमी करावा. तो चालू असला की तोडलेला स्वरही मागे रेंगाळतो आणि बोटाची चूक झाकली जाते. त्यानंतर एक युक्ती करावी, जी खऱ्या पियानोवर शक्य नाही. आवाज पियानोचा न ठेवता ऑर्गनचा निवडावा. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, त्यामुळे तो कधी सोडला हे नीट कळत नाही. ऑर्गनचा स्वर सोडेपर्यंत तसाच उभा राहतो, आणि कोणते बोट रेंगाळते हे तत्काळ उघडे पडते. आठवड्यातून दोन दिवस तरी ऑर्गनच्या आवाजावर सर्व स्वर सारख्या लांबीचे येतात का ते तपासावे आणि मग पियानोच्या आवाजाकडे परत यावे. व्हायोलिनच्या ताफ्यासारखे आवाज मात्र या कामासाठी निवडू नयेत, कारण त्यांचा स्वर उमलायलाच वेळ लागतो.

खरा पियानो असेल तर पावसाळ्यात एक काळजी घ्यावी. मुंबई, कोकण आणि गोवा या दमट पट्ट्यात लाकूड आणि फेल्ट ओल धरतात आणि पट्ट्या वर यायला वेळ घेतात. पट्टीच वर येत नसेल तर स्टॅकॅटो कोणत्याही हाताला जमणार नाही. स्वतःच्या बोटांना दोष देण्याआधी सर्व पट्ट्या एकेक करून दाबून, त्या मोकळेपणाने वर येतात का ते पाहावे आणि गरज वाटल्यास ट्यूनरला दाखवावे.

वेग, पेडल आणि नेहमीच्या चुका

पेडल या रचनेत मुळीच वापरू नये. पाय पेडलवर गेला की सर्व डॅम्पर उचललेले राहतात आणि बोटांनी तोडलेला प्रत्येक स्वर पुन्हा जोडला जातो.

वेग वाढवताना मिनिटाला १०० मात्रांपासून सुरू करून १५० पर्यंत जावे. त्या टप्प्यावर मेट्रोनोम तीन मात्रांना एक टकटक असा बदलावा, म्हणजे तो मिनिटाला ५० होईल, आणि तेथून दर दोन-तीन दिवसांनी चार-चारने वाढवत ९६ ते १०० पर्यंत न्यावे. नावात ‘बेफाम’ असले तरी स्वार घोड्यावर पक्का बसलेला आहे. ज्या वेगात मधले आठ बार स्वच्छ येतात तोच पूर्ण रचनेचा वेग मानावा, पहिल्या आठ बारवरून तो ठरवू नये.

लय पुढे धावणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, आणि तिचे कारण स्वर आखूड असणे हेच असते. स्वर लवकर संपला की मनाला वाटते मात्राही संपली, आणि बोट पुढचा स्वर आधीच घेते. अशा वेळी शांततेलाही नाव द्यावे. मात्रेच्या पहिल्या अर्ध्यात स्वर आणि दुसऱ्या अर्ध्यात तोंडाने ‘गप्प’ असे म्हणत संथ लयीत दोन-चार बार वाजवले की फट पुन्हा तिच्या जागी येते. दुसरी चूक प्रत्येक स्वर सारख्याच जोराने वाजवण्याची. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला वजन असावे आणि मधल्या मात्रा हलक्या असाव्यात, तरच टापांचा ठेका येतो. तिसरी चूक कंटाळ्यातून होते: विद्यार्थी रोज पहिल्या बारपासून शेवटपर्यंत वाजवतो आणि पहिले आठ बार घासून गुळगुळीत होतात, बाकीचे कच्चेच राहतात. एक दिवस शेवटच्या आठ बारपासून आणि एक दिवस मधल्या आठ बारपासून सुरुवात करावी. हात दुखू लागला तर त्या दिवशी थांबावे. दुखणे सोसून वाजवल्याने बोट मजबूत होत नाही. शूमानच्या स्वतःच्या उजव्या हाताचे बोट तरुणपणीच निकामी झाले आणि पियानोवादक होण्याचा त्याचा मार्ग बंद झाला, हे या रचनेचा रियाज करणाऱ्याने विसरू नये.

ही रचना जड वाटत असेल तर याच संग्रहातील दुसरी रचना, सैनिकांचे संचलन, आधी घ्यावी. ती जी मेजरमध्ये आणि दोन-चारच्या तालात आहे, आणि तिच्यात दोन्ही हात सुट्या कॉर्डनी बरोबरीने चालतात, त्यामुळे मनगटाची उसळी तेथे आधी सवयीची होते. ‘घोडेस्वार’ पक्का झाल्यावर संगीतकार बुर्गम्यूलरच्या १०० क्रमांकाच्या कृतीतील पंधरावी रचना, ‘बालाद’, हातात घ्यावी. तेथे सी मायनरमध्ये उजव्या हाताचे कॉर्ड सुटे आणि दबक्या आवाजात सलग वाजवावे लागतात आणि चाल खाली डावा हात चालवतो. जोराने वाजणारा स्टॅकॅटो जमल्यावर हलक्या आवाजातला स्टॅकॅटो कितीतरी अवघड आहे, हे तेथे कळते.

रचनेच्या अखेरीस विद्यार्थी शेवटचा स्वर वाजताच हात मांडीवर टाकतात आणि लय तेथेच कोलमडते. शेवटच्या स्वरानंतर बारमधील उरलेल्या मात्रा मनात पूर्ण मोजाव्यात. तोपर्यंत दोन्ही हात पट्ट्यांच्या किंचित वर सैल ठेवावेत आणि मोजणी संपल्यावरच ते खाली घ्यावेत.